‘येते’ची मुदत

"शाले, दक्षिण ध्रुवावर सूर्य वर्षातून किती वेळा मावळतो गं?" तात्यांनी विचारलं.

शालन डब्यात चपात्या भरत होती. सकाळचे पावणेनऊ झाले होते आणि नऊला तिला ठाण्यावर पोचायचं होतं. "एकदाच. सहा महिने दिवस, सहा महिने रात्र. का?"

"मग आपली उर्मिला तिथून पावणेअकरा महिने झाले, 'सूर्य मावळतीला लागलाय' असं का म्हणते?"

"म्हणत असेल बोलण्याच्या ओघात."

"ओघात नाही. मी लिहून ठेवलंय." तात्यांनी खिशातून छोटी वही काढली. तात्या कणसे एकतीस वर्षं एस. टी.त कंट्रोलर होते, कराड स्टँडवर. पाटणची गाडी तीन मिनिटं उशिरा आली तरी त्यांचं जेवण कडू व्हायचं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी सोप्यात काळा फळा अजून टांगलेला होता आणि घरात कुणी येणार-जाणार असलं की त्यावर खडूनं नाव आणि वेळ चढायची. अशा माणसानं लिहून ठेवलंय म्हटल्यावर शालनला डबा खाली ठेवावाच लागला.

"तिथल्या काचघरातल्या बटाट्याला फूल आलंय, हे पण रोज सांगते," तात्या वहीत बघत म्हणाले. "अकरा महिने फूलच आहे. बटाटा कधी धरायचा? शाले, तुझं यंत्र आपल्याला शिळं वाढतंय."

"तात्या, दिवा हिरवा आहे. शिळं असतं तर पिवळा झाला असता." तिनं भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. पण हे तिनं म्हटलं तेवढ्या खात्रीनं तिला वाटत नव्हतं.

आता शालनचं काम काय, ते इथंच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ती 'निकट' या कंपनीच्या कराड ठाण्याची प्रमुख होती. निकटचा धंदा माहिती पोचवण्याचा. पावशेर साखर हवी म्हणून कुणी साखर कारखान्यावर जात नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, कारण दुकानदारानं दोन पोती आधीच आणून ठेवलेली असतात. इंटरनेटचंही तसंच. एखादा सिनेमा सातासमुद्रापार कुठल्यातरी मूळ यंत्रावर असतो. कराडातल्या हजार लोकांनी तो मागितला, तर तो हजार वेळा समुद्राखालच्या तारेतून ओढून आणायचा नाही. एकदा आणायचा, प्रत कराडच्या ठाण्यात ठेवायची आणि तिथून सगळ्यांना वाटायची. जवळून येतो म्हणून झटकन येतो, आणि मुळावर ताण पडत नाही. फक्त प्रत कायमची ठेवून चालत नाही, कारण तिकडं मुळात बदल होत असतो. म्हणून प्रत्येक प्रतीला मुदत लावतात. मुदत संपली की ठाणं मुळाला विचारतं, काही नवीन आहे का? मूळ म्हणतं, नाही, आहे तेच चालू द्या, किंवा मग नवी प्रत पाठवतं. खरी अक्कल लागते ती ही मुदत ठरवायला. थोडी ठेवली तर विचारून विचारून मूळ बेजार होतं, आणि जास्त ठेवली तर गिऱ्हाइकाला शिळं मिळतं.

कित्येक वर्षं हे सिनेमे, सामने आणि बातम्यांपुरतं चाललं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की माणसांचं असं का करू नये? जहाजावर, ध्रुवावर, खोल समुद्रातल्या तळावर माणसं वर्षवर्ष अडकून पडतात. तिथून उपग्रहाची वाट इतकी अरुंद, की एकेकाला आठवड्याला बारा मिनिटं प्रत्यक्ष बोलायला मिळतात. मग बाकीच्या वेळेला प्रत बोलेल. ध्रुवावर बर्फाचे नमुने काढणारी शालनची धाकटी बहीण उर्मिलाच घ्या: तिचा तळ तिचं बोलणं, सवयी, आज काय केलं, काय खाल्लं, मन कसं आहे, याचं रोज एक गाठोडं बांधून ठेवणार. कराडचं ठाणं रोज एकदा विचारणार, काही नवीन? नवं गाठोडं आलं की त्यावरून उर्मिलाची प्रत तात्यांशी तिच्या आवाजात गप्पा मारणार. आणि घरचे जे बोलतील त्याचा गोषवारा त्याच विचारणेबरोबर उलट उर्मिलाकडं जाणार. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. पुढं सवय झाली. आपण प्रतीशी बोलतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोललेलं संध्याकाळपर्यंत खऱ्या माणसाला पोचतं, एवढा भरवसा पुरतो.

हा भरवसा शालनच्या पगाराचा पाया होता म्हटलं तरी चालेल. शिवाय कराड ठाण्याला गेल्याच महिन्यात कंपनीचं मानचिन्ह मिळालं होतं: मुळाला सर्वांत कमी त्रास देणारं देशातलं पहिलं ठाणं. दारातच ते काचेत ठेवलं होतं. हैदराबादच्या मुख्य कचेरीतला प्रधान अभियंता स्वतः येऊन हार घालून गेला होता.

ठाण्यावर पोचल्यावर शालननं चहासुद्धा न घेता उर्मिलाच्या प्रतीची नोंद उघडली. शेवटची विचारणा: पंचवीस मार्च. आज तेरा फेब्रुवारी, मंगळवार. तिला आधी वाटलं आपण वर्ष चुकतोय. वर्ष बरोबर होतं. तीनशे पंचवीस दिवस कराडच्या ठाण्यानं उर्मिलाला एकदाही विचारलं नव्हतं की बाई, काही नवीन? प्रतीपुढं शेरा होता, "थांबा", आणि दिवा हिरवागार.

पंचवीस मार्च ही तारीख तिला पाठ होती. तो आईच्या वर्षश्राद्धाचा दिवस होता.

आई गेली तेव्हा उर्मिला ध्रुवावर होती. फेब्रुवारीत शेवटचं विमान निघतं आणि मग आठ महिने तिथं चिटपाखरू उतरत नाही, त्यामुळं मार्चमधल्या अंत्यविधीला ती येणार तरी कशी. ते तात्यांनी समजून घेतलं होतं. पण पुढच्या फेब्रुवारीत विमान होतं, जागा होती, आणि तिनं मुदत वाढवून घेतली. बर्फातून काढलेले नमुने अर्धवट टाकून येता येत नाही म्हणाली. वर्षश्राद्धाच्या दिवशी प्रत्यक्ष बोलण्याच्या बारा मिनिटांत तात्यांचा तोल गेला. पाहुण्यांच्या देखत ते म्हणाले, "आता तू आलीस काय नि न आलीस काय, आम्हाला सारखंच." मग उर्मिला म्हणाली, "येते, तात्या." आणि ओळ बंद झाली. शालन तिथंच पानं वाढत होती. तिनं मध्ये पडायला हवं होतं आणि ती पडली नाही, हे तिला नंतरही टोचत राहिलं.

पण चारच दिवसांनी तात्या पडद्यापुढं बसून म्हणाले होते, "पोरी, मी त्या दिवशी बोललो ते रागात बोललो. मनावर घेऊ नकोस." शालननं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. आणि प्रत हसून म्हणाली होती, "कुठलं बोलणं, तात्या? माझ्या तर काही लक्षात नाही." तात्या त्या दिवशी किती तरी महिन्यांनी दोन घास जास्त जेवले. मनात काही ठेवत नाही पोर माझी, असं गावभर सांगत फिरले. प्रत रोज बोलत होती, त्यामुळं आठवड्याचा बारा मिनिटांचा फोन येत नाही हे घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

लक्षात नव्हतंच. ती प्रत भांडणाच्या आदल्या दिवशीची होती.

तात्यांची माफी गोषवारा होऊन ठाण्यात पडून होती. विचारणा गेली असती तर तिच्याबरोबर ती गेली असती. विचारणाच गेली नाही. शालन रोज ज्या खुर्चीत बसत होती तिच्यापासून सहा हातांवरच्या कपाटात बापाची माफी अकरा महिने पडली होती.

तिनं कामाच्या ओळीवरून थेट ध्रुवावरच्या तळाला चार शब्द पाठवले: "उर्मे, ताई बोलतेय. कशी आहेस?" उत्तर दुपारी आलं. "बरी आहे. घरून विचारणा ३२५ दिवस शून्य. तात्यांचं समजू शकते. पण तू तर ठाण्यावरच असतेस, ताई. असो. शुक्रवारी शेवटचं विमान आहे. मी आणखी दोन वर्षांच्या कागदावर उद्या-परवा सही करतेय, घरी कळवायचं असेल तर कळव."

शालननं ते तीनदा वाचलं. रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. मग तोंड धुऊन ती परत खुर्चीत बसली, कारण हे का झालं ते कळल्याशिवाय नुसतं रडून भागणार नव्हतं.

'थांबा' हा नियम कंपनीनं मागच्याच मार्चमध्ये आणला होता. कल्पना साधी होती. दूरचा माणूस बोलता बोलता म्हणाला की आलोच, जरा बघून येतो, तर त्याला पुन्हा विचारून त्रास देऊ नका. तो स्वतः नवीन घेऊन परत बोलेपर्यंत जुनी प्रत ताजीच समजा. दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न, म्हणून त्याला वरची मर्यादा कुणी घातलीच नाही. पण उर्मिला काही बघायला गेली नव्हती. मग यंत्राला असं का वाटलं?

बुधवारी सकाळी तिनं धारवाड ठाण्याच्या शैलजा हिरेमठला फोन लावला. दोघींची ओळख प्रशिक्षणातली. शैलजाचं आजोळ मिरजेचं, त्यामुळं मराठी झकास.

"तुझ्याकडं थांबे किती आहेत गं?" शालननं विचारलं.

"भरपूर. नऊ हजारांवर असतील. म्हणून तर आमचा दुसरा नंबर आला ना मानचिन्हात. तुमचा पहिला, आमचा दुसरा, मदुरैचा तिसरा. दिल्ली, लखनौ आपल्या जवळपास पण नाहीत. काय बिघडलंय?"

"तेच कळत नाही. आपल्या तीन ठाण्यांत सारखं काय आहे?"

"मशिनं तीच आहेत सगळीकडं. बघते मी पण, दुपारी कळवते. चल अक्का, बर्तीनी." आणि तिनं फोन ठेवला.

शालन फोन कानाशी तसाच धरून बसली. बर्तीनी. एवढं कानडी तिला येत होतं. बर्तीनी म्हणजे येते.

निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलेलं आठवत नव्हतं. 'जाते' म्हटलं की आई तिथंच टोकायची, "जाते काय, येते म्हण." परीक्षेला निघाली तरी येते, सासरी निघाली तरी येते, भांडून निघाली तरी येतेच. जाण्याचा शब्द आपण जाणाऱ्याच्या तोंडी येऊ देत नाही. कानडी लोक तेच करतात. तिनं मदुरैच्या ठाण्याला निरोप टाकून विचारलं, तुमच्यात निघताना काय म्हणतात? उत्तर आलं: "पोयिट्टु वरेन. जाऊन येतो. का?"

का म्हणजे काय. यंत्रानं ते शब्दशः घेतलं होतं. येते म्हणाली ना, मग येईल, तोवर थांबा. कराड ठाण्याखालच्या अकरा हजार घरांतला दूरचा प्रत्येक माणूस बोलणं संपवताना येतो म्हणत होता आणि यंत्र आज्ञाधारकपणे त्याची वाट बघत होतं. पुढच्या वेळी त्यानं स्वतःहून बारा मिनिटं लावली की थांबा सुटायचा, बोलणं संपलं की पुन्हा बसायचा. कुठं आठवडाभर शिळं, कुठं महिनाभर. आणि जिथं अबोला होता, स्वतःहून फोन लावायला कुणीच तयार नव्हतं, तिथं प्रत वर्षभर गोड बोलत राहिली. मुळाला त्रास न देणारं पहिलं ठाणं! दारातून जाता-येता तिला ते मानचिन्ह दिसत होतं आणि ते उपडं करून ठेवावंसं वाटत होतं.

तिनं सगळं नीट लिहून मुख्य कचेरीला पाठवलं. प्रधान अभियंत्याचा फोन तासाभरात आला. माणूस वाईट नव्हता. आधी विश्वास बसेना, मग बसला, मग त्यानं मोठ्यानं सुस्कारा टाकला.

"उद्या दुपारी बारा वाजता तिन्ही ठाण्यांचे सगळे थांबे पुसून टाकतो," तो म्हणाला. "जुन्या प्रती जातील, नव्या येतील. पुढचे काही दिवस प्रत्येक 'येते' तुम्ही स्वतः तपासा. पडद्यावर दोन खुणा देतो, निरोप आणि आगमन. योग्य ती लावा."

"आणि अडकलेले गोषवारे?"

"ते पण पुसायचे. शालनबाई, विचार करा. वर्षभराचे निरोप एकदम जाऊन पडले तर काय होईल? कुणाला आज कळायचं की बायको दवाखान्यात आहे, आणि ती घरी येऊन सहा महिने झालेले. शिळं पाठवायचं नाही, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. आणि ठाण्यातल्या कुणीही आपल्या घरचं काही उघडायचं नाही, हे मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. तरी फोन ठेवल्यावर शालन त्या कपाटापुढं जाऊन उभी राहिली. उघडायचीही गरज नव्हती. उर्मिलाच्या नावचा एक गोषवारा, एकोणतीस मार्चचा, एक आज्ञा देऊन सोडून द्यायचा. तिला माफी पोचेल, तारीख दिसेल, कळेल की बापानं चारच दिवसांत शब्द मागं घेतला होता. तात्यांना काही कळायलाही नको. मनात आणखी एक गोष्ट होती, ती शालननं स्वतःशी कबूल केली. काहीच केलं नाही तरी चाललं असतं. उर्मिला तिकडं राहील, नवी प्रत येईल, घर शांत राहील. उर्मिलाच्या प्रतीशी तात्या जेवढं हसायचे तेवढं शालनशी गेल्या दहा वर्षांत हसले नव्हते. तिच्याशी त्यांचं बोलणं म्हणजे गोळ्या दिल्यास का आणि गॅस बंद केलास का. लाडकी लेक लांब असली की तिच्या वाटचं थोडं तरी आपल्याला मिळेल, असं तिला कधीतरी वाटलं होतं. मिळालं नव्हतं, ते प्रतीनं नेलं.

ती कपाटापासून बाजूला झाली आणि रजा टाकून घरी आली.

तात्या सोप्यात शेंगा फोडत बसले होते. तिनं समोर बसून सगळं सांगितलं. प्रत, मुदत, थांबा, येते. तात्या मध्ये एकदाच बोलले. "थांबा म्हणजे गाडी दोन मिनिटं उभी राहते. याला थांबा नाही म्हणत, हा मुक्काम झाला." मग सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी हातातली शेंग फोडली आणि टरफल तसंच धरून ठेवलं.

"म्हणजे मी जे बोललो, ते तिला पोचलंच नाही."

"नाही."

"आणि रागात बोललो ते मात्र पोचलं."

"ते प्रत्यक्ष ओळीवर बोलला होता ना, तात्या."

"मग 'कुठलं बोलणं, तात्या' असं मला कोण म्हणालं?"

"भांडणाच्या आदल्या दिवशीची उर्मिला."

"तरीच." तात्यांचा आवाज फुटला. "मी म्हटलं पोरीचं मन केवढं मोठं. एका शब्दात सोडून दिलं. मला वाटलं, सुटलो."

शालननं त्यांना असं बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. तिनं त्यांच्या हातातलं टरफल काढून घेतलं. मग कपाटातल्या गोषवाऱ्याचं सांगितलं. "नियमात बसत नाही. पण तुम्ही हो म्हणालात तर उद्या बाराच्या आत मी तो पाठवते. नोकरीचं मी बघून घेईन."

तात्यांनी डोळे पुसले. "नको."

"अहो, शुक्रवारी विमान आहे."

"असू दे. मुदत संपलेला पास दाखवून गाडीत बसायचं आणि वर कंडक्टरशी हुज्जत घालायची, असली माणसं मी एकतीस वर्षं खाली उतरवलीत. अकरा महिन्यांपूर्वीची माफी कशाला? मी आहे की अजून. ताजं बोलतो."

तेवढ्यात पडद्यावर प्रत जागी झाली. संध्याकाळच्या बोलण्याची वेळ झाली होती. "तात्या, जेवलात का? इथं सूर्य मावळतीला लागलाय बघा. आणि बटाट्याला फूल आलंय."

तात्या उठून पडद्यापुढं गेले. "शाले, हिला आजच बंद करता येतं का? उद्या कुणी दुसऱ्यानं पुसण्यापेक्षा मीच करतो."

शालननं बटण दाबून दिलं. पडद्यावर पाटी आली: प्रत काढून टाकण्यासाठी स्पष्टपणे 'जा' म्हणा.

तात्यांनी पाटी वाचली. उर्मिलाचा चेहरा वाट बघत होता. "बरं पोरी," तात्या म्हणाले, "ये हं."

समजलं नाही, अशी पाटी आली. पुन्हा प्रयत्न करा.

"अगं, ये म्हणतोय ना."

समजलं नाही.

"लेकीला जा कसं म्हणायचं गं?" तात्यांनी शालनकडं बघितलं. "हे लिहिणाऱ्याला लेकी नाहीत वाटतं." आणि ते चप्पल घालून बाहेर फिरायला निघून गेले. प्रत रात्रभर तशीच राहिली.

गुरुवारी दुपारी बाराला थांबे पुसले गेले. सव्वाबाराला शालननं उर्मिलाला कामाच्या ओळीवरून यंत्राचा सगळा घोळ कळवला आणि शेवटी लिहिलं: तुझी बारा मिनिटं आज तात्यांसाठी ठेव, चारला. सही त्यानंतर कर. उर्मिलाचं उत्तर एका शब्दाचं होतं. "ठीक."

चारला पडदा उजळला तेव्हा शालन दचकलीच. प्रतीचे केस खांद्यापर्यंत होते. ही उर्मिला केस बारीक कापलेली, गालाच्या हाडावर थंडीनं काळा पडलेला चट्टा, आणि अडतिसाव्या वर्षी दिसायला नको तेवढी दमलेली. तात्यांनी घसा खाकरला आणि सवयीनं विचारलं, "जेवलीस का?"

उपग्रहाच्या वाटेनं आवाज जाऊन यायला दीड सेकंद लागतो. त्या दीड सेकंदाची तात्यांना सवय राहिली नव्हती. प्रत लगेच बोलायची.

"जेवले."

"बटाटे आले का?"

"ते मागच्या एप्रिलमध्येच कुजले. तात्या, ताईनं मला यंत्राचं सगळं कळवलंय. कुणाची चूक नाही, कळलं मला. तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. मोतीबिंदू काढला."

"हो का? कधी?"

"ऑगस्टात."

अशीच आठ मिनिटं गेली. दोन परक्या माणसांनी स्टँडवर बसून गाडीची वाट बघत बोलावं तसं चाललं होतं. शालन दाराशी उभी राहून घड्याळ बघत होती आणि मनातल्या मनात बापाला ढकलत होती. नवव्या मिनिटाला उर्मिला म्हणाली, "बरं तात्या, तब्येत सांभाळा. ठेवते मी."

तात्यांनी मान वर केली. "ठेवते म्हणालीस."

दीड सेकंद. "हो."

"येते नाही म्हणालीस."

तात्या खुर्चीत पुढं सरकले. "उर्मे, मी म्हणालो होतो, आलीस काय नि न आलीस काय, सारखंच. ते खोटं होतं. धादांत खोटं. तू नाहीस तर हे घर मला खायला उठतं. तुझी आई गेली त्याचा राग मला कुणावर तरी काढायचा होता आणि तू लांब होतीस म्हणून तुझ्यावर काढला. शाली जवळ होती, तिच्यावर न बोलता काढतोय, ते पण मला कळतं. माझं चुकलं. हे मी तुला चार दिवसांनीच बोललो होतो. चुकीच्या पोरीला बोललो."

दाराशी शालननं पदर तोंडाला लावला. पडद्यावर उर्मिलाचा चेहरा आधी तसाच राहिला, आवाज पोचायचा होता म्हणून. मग पोचला.

"तीनशे पंचवीस दिवस मी रोज ती शून्याची पाटी बघत होते, तात्या," ती रडत म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही खरंच बोलला होता."

"सही केलीस?"

"नाही अजून. पण नमुने..."

"नमुन्यांचं तू बघ. त्यात मी पडत नाही, मला त्यातलं कळत नाही. मला सांगायचं होतं ते सांगितलं."

बारावं मिनिट संपत आलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे धावायला लागले. उर्मिला डोळे पुसत होती, कुणीतरी तिला मागून हाक मारत होतं. शेवटच्या सेकंदांना ती वाकून पुढं आली. "येते, तात्या." आणि ओळ बंद झाली.

"हे कुठलं येते?" तात्यांनी विचारलं.

शालनला ठाऊक नव्हतं. ठाण्यावर परत गेली तर तिच्या पडद्यावर तीच नोंद वाट बघत होती. उर्मिला कणसे, "येते": निरोप की आगमन, खूण लावा. त्या दिवशी तिनं इतर चारशे येते तपासले, सगळ्यांना निरोपाची खूण लावली. एवढं एक तसंच ठेवलं. नियमात तसं ठेवता येत नव्हतं, पण आगमन लावायचं धाडस होईना आणि निरोप लावायला हात होईना.

शुक्रवार असाच गेला. तात्यांनी सकाळी फळा ओल्या फडक्यानं पुसला, वर 'उर्मिला' लिहिलं, पुढं वेळेची जागा मोकळी सोडली आणि शेंगा फोडत बसले. शालननं दुपारपर्यंत तीन वेळा तळाला निरोप टाकला. उत्तर नाही. विमानाच्या दिवशी तिथं कुणाला उत्तर द्यायला सवड नसते, असं ती स्वतःला सांगत होती.

पावणेपाचला कराडच्या ठाण्यानं ध्रुवावर रोजची विचारणा केली. आता ती रोज जात होती. काही नवीन?

या प्रश्नाला दोनच उत्तरं शालनच्या ओळखीची होती, आहे तेच चालू द्या किंवा ही घ्या नवी प्रत. आज तिसरंच आलं, लाल अक्षरांत, ठाण्यात बसणाऱ्या कुठल्याही माणसाला नकोसं वाटणारं. *मूळ जागेवर नाही.*

शेजारच्या टेबलावरच्या बाई घाबरून म्हणाल्या, "मॅडम, बिघाड आहे का?"

"नाही," शालन म्हणाली. तिनं कालची नोंद उघडली, 'आगमन'वर खूण लावली आणि घरी फोन केला.

"तात्या, मूळ जागेवर नाही."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फळ्याजवळच्या डब्यात खडू शोधल्याचा.

"बरं," तात्या म्हणाले. "किती वाजताची?"